कुदळीचा दांडा

पुरानं आणलेला गाळ पाटात बसला होता आणि उन्हानं भाजून त्याचा दगड झाला होता. थोरलीनं पहिला घाव घातला तशी कुदळ टणकन उडाली आणि मनगटातून निघालेली कळ थेट खांद्यापर्यंत गेली.

"हळू," आई बांधावरून म्हणाली. "त्याच्याशी भांडण नाही आपलं."

थोरलीनं दुसरा घाव जरा बेतानं घातला. मूठभर ढेकूळ निघालं. आईनं ते उचलून पाटीत टाकलं. तिचे गुडघे गेलेले होते, म्हणून ती बसल्या बसल्या सरकत होती. पाटी भरली की ढकलत न्यायची, बांधापलीकडे उलटी करायची आणि परत सरकत यायची. सकाळभरात दोघींनी मिळून जेवढा पाट उघडला तेवढा बाबांनी चहा प्यायच्या आधी उघडला असता.

पण यंदा बाबा नव्हते. हिवाळ्यात खोकल्यानं अंथरूण धरलं आणि त्यातच गेले. थोरली शहरातल्या वाचनालयातल्या नोकरीतून रजा घेऊन आली ती अजून इथंच होती. रजा वाढवून वाढवून साहेबही कंटाळले होते. ती धाकट्या भावापेक्षा मोठी म्हणून थोरली. धाकटा लढाईत गेला त्याला बरीच वर्षं झाली होती, आता घरात तिच्याहून लहान कुणी नव्हतं, तरी तिचं नाव काही बदललं नाही.

पाटाचा नियम सगळ्यांना सारखा होता. ज्याचं शेत त्यानं आपल्या बांधालगतचा पाट मोकळा करायचा. पाणी सुटेल त्या सकाळी पाटकरी सायकल घेऊन वरून खाली यायचा आणि ज्याचा वाटा बुजलेला दिसेल त्याच्या वरचं दार फिरवून पाणी दुसऱ्या फाट्याला लावायचा. मग त्या शेताला हंगामभर पाणी नाही. दुसरा फाटा काकांच्या शेताकडे जात होता.

काका आलेच, उन्हं चढल्यावर. छत्री उघडी ठेवून बांधावर उभे राहिले.

"किती झालं वहिनी?"

"दिसतंय ना भाऊजी."

"दिसतंय म्हणून तर विचारतोय." काका हसले. "माणूस का नाही लावलं?"

"माणसं आपापल्या पाटात आहेत," थोरली खालून म्हणाली. "तुमच्याकडचा एक मोकळा दिसतो. द्या पाठवून."

"त्याची पाठ धरलीय गं. नाहीतर पाठवला नसता का?" काकांनी छत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "मी काय म्हणतो थोरले, हे तुझ्या हातचं काम नाही. तू पुस्तकं वाचणारी. वहिनींना घेऊन जा शहरात, दवाखाना जवळ, सगळं जवळ. शेत मी बघतो. दादाची माती आणि माझी माती काय वेगळी आहे?"

"पाणी तर सुटू दे काका."

"सुटेल की. चौथऱ्यावरच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी सुटतंय. पाणी थांबत नाही कुणासाठी." ते निघाले आणि पुन्हा वळले. "वहिनी, उन्हात बसू नका हो. डोकं दुखेल."

काका लांब गेल्यावर आई म्हणाली, "छत्री तेवढी ठेवून नाही गेले."

थोरलीला हसू आलं, पण हसायला छातीत दम नव्हता. काकांचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच खरं दुखणं होतं. पाणी चुकलं तर पीक नाही, पीक नाही तर शेत धरून ठेवण्यात अर्थ नाही. आणि आई शहरात राहायची नाही. मागं एकदा राहून आली होती, तेव्हा दिवसभर खिडकीपाशी उभी असायची. "तुझ्या घरात बसायचं कुठं तेच कळत नाही," म्हणाली होती. तिथं दोन खुर्च्या आणि एक पलंग होता.

तिसऱ्या प्रहरी कुदळ गेली. जुनीच होती ती. दांडा बसतो त्या नेढ्याला तडा गेलेला आणि त्यावर तारेचे वेढे आवळलेले. पात्यावर जाड लाल गंज होता. बाबा आजारी पडल्यापासून वापरात नाही म्हणून चढला असेल असं थोरलीनं धरून चाललं होतं. एका हिवाळ्यात एवढा गंज चढत नाही, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. तार तुटली, नेढं उमललं आणि पातं दांड्यातून निसटून गाळावर पडलं.

"झालं," थोरली म्हणाली.

आईनं पातं उचलून पाहिलं, बाजूला ठेवलं आणि हातांनी ढेकळं गोळा करत राहिली. घरात आणखी एक कुदळ आहे हे दोघींना माहीत होतं. तिचं नाव दोघींनीही काढलं नाही.

ती कुदळ धाकट्याची होती. मधल्या खोलीत आढ्याच्या खुंटीला फडक्यात गुंडाळून टांगलेली असायची. गावात अशा वस्तू बऱ्याच घरांत होत्या. लढाई संपली त्या वर्षी शाळेमागच्या मोकळ्या जागेत दगडी चौथरा बांधला, त्यावर गेलेल्यांची नावं कोरली आणि पहिल्यांदा सगळं गाव गोळा झालं. फुलं, भाषणं सगळं ठरलेलं होतं. पण मुलाचं नाव पुकारलं तेव्हा एक बाई शेतातून तशीच उठून आलेली होती, हातात विळा. तिला काय करावं कळेना. ती पुढं गेली आणि मुलाचा तो विळा तिनं पायरीवर ठेवला. पुढच्या नावाला कुणी घरी धावत जाऊन रंधा आणला, कुणी मोटारीचा पाना, कुणी केस कापायची कात्री. बहुतेकांची प्रेतं आलीच नव्हती. पायरीवर ठेवायला काहीतरी असलं म्हणजे बरं वाटलं. तेव्हापासून दर वर्षी नाव पुकारलं की घरचं माणूस ती वस्तू ठेवतं आणि संध्याकाळी घरी आणतं. वर्षभर ती कुणी वापरत नाही. तेल लावायचं, गुंडाळायचं, टांगायचं.

त्यांच्या घरातून बाबाच कुदळ घेऊन जायचे. आई मागून जायची. पायरीवर ठेवण्याआधी बाबा कुदळ तिच्यापुढं धरायचे, ती दांड्यावरून एकदा हात फिरवायची आणि मगच बाबा ती ठेवायचे. थोरलीनं हे कितीदा पाहिलं होतं. प्रत्येक वेळी तिनं नजर दुसरीकडे वळवली होती.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर आईचा डोळा लागला तेव्हा थोरलीनं स्टूल घेतलं आणि खुंटीवरून कुदळ काढली. फडकं घडी करून स्टुलावर ठेवलं. तेलाचा वास आला. पातं निळसर, धारेवर लखलखीत. जणू कालच कुणी घासून ठेवलेलं.

आणि काय कुदळ होती ती. पहिल्याच घावाला गाळ फाटला. वजन आपोआप खाली जात होतं, तिनं फक्त उचलायचं. दांडा हाताखाली गुळगुळीत होता, झिजून झिजून बोटांच्या जागा पडलेल्या होत्या. तिची बोटं त्यांत बसली. फक्त करंगळीखाली थोडा खरखरीत उंचवटा लागत होता, लाकडाची गाठ असेल. धाकट्याचे हात एवढे मोठे झाले होते, तिच्या मनात आलं. ती शहरात शिकत होती तेव्हा तो इथं याच पाटात उभा राहून हे लाकूड झिजवत होता. आपल्याला तो गुडघ्याएवढाच आठवतो.

आई उठून आली तेव्हा थोरली अर्ध्या पाटात होती. आईनं कुदळीकडे पाहिलं. थोरली थांबली.

"पाटी कुठं ठेवलीस?" आई म्हणाली.

दोघींनी संध्याकाळपर्यंत काम ओढलं. चौथऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत फक्त वरच्या दाराजवळचा ढीग उरला. पुरानं तिथं लव्हाळ्याची मुळं, दगड, एक अख्खा ओंडका आणून कोंबला होता. आई घरी भांड्यांकडे गेली होती. थोरली दमली होती आणि दमलेला माणूस करतो तेच तिनं केलं: मुळाखाली पातं घातलं आणि दांड्यावर सगळा भार टाकला. कुदळीनं खणायचं असतं, उचकटायचं नसतं, हे बाबांनी दोघांना लहानपणी शंभरदा सांगितलं होतं. दांडा मधोमध मोडला. आवाज फार मोठा झाला नाही.

हातातला तुकडा तिनं तिथंच टाकला. मग पातं घेऊन सुताराकडे गेली.

सुतार दारातच लाकडं तासत बसला होता. पाटाच्या दिवसांत त्याच्याकडे रीघ असायची. त्यानं पातं हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "ही चौथऱ्याची ना?"

"हो."

"आणि पाट खणत होतीस."

"हो."

"उचकटलीस?"

"हो, उचकटली."

सुतारानं नेढ्यात अडकलेला तुकडा ठोकून बाहेर काढला. तो दोन बोटांत धरून पाहत राहिला. "माझाच आहे," म्हणाला. "बाभळीचा. चांगला निघाला होता हा."

"धाकट्यानं तुमच्याकडूनच करून घेतला होता?"

"धाकट्यानं घेतलेला कधीच गेला पोरी. हा तुझ्या बापाचा. त्याच्या आधीचाही त्याचाच." तो तुकडा त्यानं ढलप्यांत टाकला. "यायचा मधून मधून. संध्याकाळचा यायचा, कुणी नसताना. मी म्हटलं, अरे, चौथऱ्याची वस्तू वापरतोस? तर म्हणाला, पाटात एकट्याला कंटाळा येतो."

सुतारानं रचलेल्या लाकडांतलं एक पुढं ओढलं.

"मग चौथऱ्याच्या आधी घासायची, तेल लावायचं, गुंडाळायची. तुझ्या आईला कळू द्यायचं नाही म्हणून मला दहादा बजावायचा. मी नाही बोललो कधी. आता तूही बोलू नकोस. तिला वाटतं पोराचा हात आहे त्यात, तर वाटू दे."

"नाही बोलणार."

"वाळलेला दांडा शिल्लक नाही. सगळे घेऊन गेले. हा ओला आहे. फोड येतील हाताला, सांगून ठेवतो." आणि तो रंधा मारायला लागला. त्याच्या मागं भिंतीवर दुसरा एक रंधा फडक्यात गुंडाळून टांगलेला होता. तो त्याच्या भावाचा होता. त्याच्याकडे सुतार पाहत नव्हता.

घरी येताना कुदळ तिच्या खांद्यावर होती आणि नवा दांडा मानेला चिकटत होता. तारेच्या कुदळीवरचा गंज आता तिला कळला. ती बाबांची कुदळ होती आणि बाबांनी ती केव्हाच सोडून दिली होती. ज्या बोटांच्या जागांत ती दोन दिवस बोटं घालून धाकट्याला आठवत होती ती बोटं बाबांची होती. तिला रडू आलं नाही. हिवाळ्यापासून ते कुठंतरी अडलेलंच होतं. बाबा गेले तेव्हा लोक आले, बसले, उठून गेले. गाई सोडायच्या होत्या. अंथरुणात खोकून मेलेल्या माणसासाठी कोण थांबतं? तिनंही चौथ्या दिवशी घरातल्या पेट्या आवरायला घेतल्या होत्या.

दिवस कलताना आई उंबऱ्यावर बसली होती. तिच्या मांडीवर रिकामं फडकं होतं.

"आई, दांडा मोडला. नवा घालून आणलाय."

आईनं नव्या दांड्याकडे पाहिलं. पांढराफेक, ओला, हिरवट वास येणारा. "मोडका कुठंय?"

"नेढ्यातला सुताराकडे राहिला."

"हाताकडचा?"

"तो तिथंच. पाटात."

आई भिंतीला धरून उठली. काठी घेतली.

"आता कुठं? मी आणते सकाळी."

"उजेड आहे अजून," आई म्हणाली आणि निघाली.

थोरली मागून गेली. आई बांधावरून पाटात उतरली. गुडघे वाकत नव्हते, म्हणून ती आधी बसली आणि मग घसरली. तिनं ढिगात हात घातले. मुळं बाजूला केली, ढेकळं चाचपली. थोरली शेजारी बसून शोधायला लागली तेव्हा तिनं नको म्हटलं नाही. दांड्याचा तुकडा ओंडक्याखाली सापडला. आईनं डोक्याचं फडकं सोडलं आणि त्यानं तो पुसला. एकदा, दोनदा. चिकटलेला गाळ नखानं काढला. मग काखेत धरला आणि हात वर केला. थोरलीनं तिला ओढून बांधावर घेतलं.

चौथऱ्याच्या दिवशी शाळेमागं सकाळपासून लाउडस्पीकर खरखरत होता. मास्तर दर वर्षीचे. शाळेतून निवृत्त झाले तरी माइक त्यांच्याकडेच असायचा. ते "हॅलो, हॅलो" म्हणत होते आणि माइक शिट्टी वाजवत होता. पाहुणे साहेब यायचे होते. ते दर वर्षी यायचेच असतात आणि दर वर्षी वेगळे असतात.

पहिल्या ओळीत गेलेल्यांच्या घरच्यांसाठी खुर्च्या होत्या. आई टेकली न टेकली तोच छातीला बिल्ला लावलेला एक तरुण आला. "आजी, जरा मागं बसता का? साहेबांबरोबर माणसं आहेत."

"किती आहेत?" आईनं विचारलं.

"आहेत चार-पाच."

"एवढी माणसं लागतात त्यांना?" आई म्हणाली आणि उठली. उठायला वेळ लागला. तो तरुण तोवर खुर्चीची पाठ धरून उभा होता, जणू ती दुसरं कुणी पळवेल. दोघी तिसऱ्या ओळीत जाऊन बसल्या. काका तिथं आधीच होते, इस्त्रीच्या शर्टात.

"वहिनी, कुदळ माझ्याकडे द्या," ते हळू आवाजात म्हणाले. "दादा ठेवायचा. आता घरात पुरुषमाणूस मीच. लोक बघतात."

"तुम्हाला पुन्हा उठावं लागेल भाऊजी. शर्ट चुरगळेल," आई म्हणाली. "ही ठेवेल."

नावं सुरू झाली. एकेक माणूस उठत होतं. विळा, रंधा, कात्री, पाना. कुणाच्या घरी आता म्हातारंही उरलं नव्हतं, तिथं शेजारचं कुणीतरी उठत होतं. धाकट्याचं नाव आलं. थोरली उठली तशी आईही उठली. काखेत फडक्याचं लहान गाठोडं होतं. काठी टेकत ती थोरलीच्या मागून पायरीपाशी आली.

थोरलीनं कुदळ आईपुढं धरली, बाबा धरायचे तशी. आईनं नव्या दांड्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. थोरलीनं कुदळ पायरीवर ठेवली. मग आईनं गाठोडं सोडून दांड्याचा मोडका तुकडा तिच्या शेजारी ठेवला.

मास्तर वाकले. "काकू, हे काय?" माइक त्यांच्या हातातच होता.

"ठेवू दे."

"एका नावाला एकच वस्तू असते काकू."

"एकाच घरातलं आहे," आई म्हणाली.

लाउडस्पीकरमधून ते शाळेच्या भिंतीवर आपटून परत आलं. मागं कुणीतरी खाकरलं. मास्तरांनी पुढचं नाव पुकारलं.

साहेब उशिरा आले. भाषण बरं होतं. थोडक्यात आवरलं हे सगळ्यांना आवडलं. मग फोटो काढायचा म्हणून साहेब पायरीपाशी उभे राहिले. बिल्लेवाल्या तरुणानं फोटोवाल्याकडे पाहिलं, वस्तू सरळ रेषेत लावल्या आणि तो मोडका तुकडा उचलून चौथऱ्यामागं टाकला. तिथं कालच्या झाडलोटीचा पालापाचोळा होता.

थोरलीनं ते पाहिलं. आईनं पाहिलं की नाही हे तिला कळलं नाही. आईची मान खाली होती.

"आता आपण सर्व जण उभे राहून मौन पाळू," मास्तर म्हणाले.

सगळे उभे राहिले. माना खाली गेल्या. लाउडस्पीकरची खरखर तेवढी चालू होती. थोरलीला वाटलं, आता कुणी बघत नाहीये. मग वाटलं, बघू देत. ती ओळीतून बाहेर पडली. मैदानावर खडी होती, तिचं प्रत्येक पाऊल ऐकू जात होतं. काका कुजबुजले, "थोरले!" ती चालत राहिली. आयुष्यात ती अशी सगळ्यांच्या मधून कधी चालली नव्हती. वाचनालयातसुद्धा ती भिंतीच्या कडेनं जायची. चौथऱ्यामागं वाकून तिनं पाचोळ्यातून तुकडा काढला. त्याला पानं चिकटली होती, ती काढली. पुढं आली. साहेबांनी एक डोळा उघडून पाहिलं आणि पाय मागं घेतला. तिनं तुकडा कुदळीशेजारी ठेवला, होता तिथं, होता तसा.

परत यायला तेवढीच खडी होती. मौन एवढं लांबलं की दोघातिघांनी माना वर केल्या. मास्तर घड्याळाकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते. ती आईशेजारी येऊन उभी राहिली तेव्हाच ते म्हणाले, "बसा."

दुपारी खुर्च्या एकात एक घालून टेम्पोत चढवल्या जात होत्या. आई उठली, पायरीपाशी गेली आणि तिनं कुदळ उचलली.

"वहिनी, अहो, संध्याकाळपर्यंत ठेवायची असते," काका म्हणाले.

"संध्याकाळी पाट दिसणार नाही भाऊजी."

"म्हणजे? पाट खणणार हिनं? धाकट्याच्या कुदळीनं? आजच्या दिवशी?"

"तुमचा भाऊ रोज खणायचा."

आईनं मोडका तुकडा मात्र उचलला नाही. "तो संध्याकाळी नेऊ," ती थोरलीला म्हणाली. "बसू दे त्याला जरा सगळ्यांत."

रस्त्यानं दोघी हळू चालल्या. थोरली म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"करंगळी," आई म्हणाली.

थोरलीला मग आठवलं. बाबांच्या उजव्या हाताची करंगळी तरुणपणी दगडाखाली सापडली होती. ती पुन्हा वळली नाही. चहाचा कप धरला की ताठ बाहेर राहायची आणि धाकटा तिला "साहेबाचं बोट" म्हणून चिडवायचा. दांड्यावर बाकीची बोटं झिजायची, करंगळीची जागा खरखरीत उरायची.

"धाकट्याच्या दोन्ही करंगळ्या धड होत्या," आई म्हणाली. "पहिल्याच वर्षी हात फिरवला तेव्हा कळलं मला. माझ्या माणसाचा हात मला कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

आई थांबली. गुडघ्यासाठी थांबली असावी. "बोलून काय करायचं? तो एवढी घासायचा, तेल लावायचा, खुंटीवर आधीसारखीच गाठ मारायचा. मला फसवायला एवढी मेहनत घेतोय तर घेऊ दे म्हटलं." मग काठी पुढं टाकत म्हणाली, "पाटात तो काही नुसता खणायचा नाही. बोलत असायचा. मी डबा घेऊन गेले की लांबून ऐकू यायचं. मी खाकरायची, मग तो गप्प व्हायचा."

ढीग तसाच होता. थोरलीनं स्मृतिदिनाचे चांगले कपडे गुडघ्यावर खोचले आणि पाटात उतरली. आई सरकत पाटीपाशी आली. या वेळी थोरलीनं उचकटलं नाही. मुळं एकेक करून तोडली, ओंडक्याच्या दोन्ही बाजूंची माती काढली आणि मग दोघींनी दोरी लावून तो ओढला. आई बांधावर मागं कोसळली आणि तशीच पडून "निघाला, निघाला" म्हणाली. ओला दांडा हातात फिरत होता. एक फोड आला, मग दुसरा. पहिला फुटला तेव्हा तिनं हाताला आईचं फडकं गुंडाळलं. ते घसरायला लागलं, म्हणून सोडून टाकलं.

उन्हं उतरल्यावर पाटकरी सायकल ढकलत आला. उद्याआधी एक फेरी मारायची त्याची सवय होती. त्यानं वरच्या दारापासून खाली नजर टाकली, पाटात एक खडा सोडला आणि तो घरंगळत कुठवर जातो ते पाहिलं.

"तळ जरा उचललाय तिथं," तो म्हणाला.

थोरलीनं तिथं चार घाव घातले. त्यानं पुन्हा खडा सोडला.

"जमलं मावशी. सकाळी हे दार उघडं ठेवतो." जाता जाता तो वळला. "काका म्हणत होते यंदा तुमचं पाणी त्यांच्याकडे लावायचं."

"मग?"

"मग काय? दार माझं आहे," पाटकरी म्हणाला आणि सायकलवर बसला.

थोरली पाटाच्या काठावर बसली. दोन्ही तळवे उघडे करून मांडीवर ठेवले. आईनं ते पाहिले, फुंकर घातली नाही. चौथऱ्यावरचा तुकडा आणायला जायचं होतं, पण दोघींतल्या कुणालाच उठवत नव्हतं. कुदळ मधे आडवी पडली होती. पांढऱ्या दांड्यावर, थोरलीचा हात होता तिथं, चार डाग पडले होते. रक्ताचे आणि मळाचे. पाचवा, करंगळीचाही होता.

तिनं फडकं घेतलं आणि ते पुसायला लागली.

"राहू दे," आई म्हणाली.